स्फोट, संवेग आणि ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्फोटावरची गणितं सोडवणारे विद्यार्थी, ती शिकवणारे शिक्षक आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे अपवाद पुढे येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. आकडेमोडीत गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद² धरलं आहे.

१. स्फोटात नेमकं काय अक्षय्य राहतं, संवेग की ऊर्जा?

दोन्ही, पण दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

ऊर्जेला अनेक रूपं आहेत: रासायनिक, उष्णता, ध्वनी, गतिज. स्फोटात तिचं रूप बदलतं, एकूण बेरीज तेवढीच राहते. त्यामुळे एकट्या गतिज ऊर्जेकडे पाहिलं तर ती अक्षय्य नसते. स्फोटात ती वाढते.

संवेगाला असं दुसरं रूप नाही. वस्तुमान × वेग हे गणित तुकड्यांमध्ये (आणि वायूंमध्ये, प्रश्न १४ पाहा) जसंच्या तसं जुळलं पाहिजे. ‘थोडा संवेग उष्णतेत गेला’ असं कधीच म्हणता येत नाही. म्हणून स्फोटाचं कोणतंही गणित संवेगापासून सुरू करावं. ऊर्जेचं समीकरण दुसऱ्या क्रमांकावर, आणि तेही स्फोटातून तुकड्यांना किती ऊर्जा मिळाली हे माहीत असेल किंवा तेच शोधायचं असेल तेव्हा.

२. वस्तू स्थिर होती, फुटल्यावर सगळे तुकडे जोरात उडाले. तरी संवेग शून्यच कसा?

कारण संवेग सदिश आहे, त्याला दिशा असते. पूर्वेकडचा ६० आणि पश्चिमेकडचा ६० मिळून शून्य होतो, १२० नाही. स्फोटात तुकडे एकमेकांना ढकलतात. पहिल्याने दुसऱ्यावर जेवढं बल लावलं, तेवढंच दुसऱ्याने पहिल्यावर उलट दिशेने आणि अगदी तेवढाच वेळ लावलं. बल × काळ सारखा, म्हणून संवेगातला बदलही सारखा आणि विरुद्ध.

गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. तिला दिशा नाही, ती ऋण होत नाही, म्हणून ती मात्र एकमेकींना खोडत नाही.

३. मग ही वाढलेली गतिज ऊर्जा आली कुठून?

वस्तूच्या आत आधीपासूनच होती. स्फोटकाच्या रेणूंमधल्या बंधांची पुनर्रचना होऊन मोकळी झालेली ऊर्जा, दाबलेल्या स्प्रिंगमधली स्थितिज ऊर्जा, टाकीतल्या दाबाखालच्या वायूची ऊर्जा, अणुकेंद्रकातली ऊर्जा, यांपैकी काहीही. प्रयोगशाळेत दोन गाड्यांच्या मध्ये स्प्रिंग दाबून दोरा कापतात, तोही या अर्थाने स्फोटच. चिकटून जाणाऱ्या दोन वस्तूंच्या टकरीचं चित्रीकरण उलटं चालवलं तर असाच स्फोट दिसेल: टकरीत गतिज ऊर्जा आत जिरते, इथे आतली ऊर्जा बाहेर येते. संवेगाचं समीकरण दोन्हीकडे एकच.

४. दोन तुकडे झाले तर ऊर्जा निम्मी निम्मी वाटली जाते का?

फक्त तुकडे समान वस्तुमानाचे असतील तर. एरवी हलक्या तुकड्याला जास्त मिळते, आणि किती जास्त याचं प्रमाण ठरलेलं आहे.

गतिज ऊर्जा अशीही लिहिता येते: संवेगाचा वर्ग ÷ (२ × वस्तुमान). स्थिर वस्तूचे दोन तुकडे झाले तर दोघांचा संवेग आकाराने सारखाच. अंश सारखा, म्हणून ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात.

उदाहरण घेऊ. ६ किलोग्रॅमची स्थिर वस्तू फुटून २ आणि ४ किलोग्रॅमचे तुकडे झाले आणि त्यांना मिळून १३५० जूल मिळाले. वस्तुमानं १ : २, म्हणून ऊर्जा २ : १. हलक्याला ९०० जूल, जडाला ४५०. यावरून वेग ३० आणि १५ मीटर प्रति सेकंद. ताळा: २ × ३० = ६० आणि ४ × १५ = ६०. हेच उदाहरण प्रश्न ७, ८ आणि ९ मध्ये पुढे नेलं आहे.

बंदुकीतही हेच घडतं. १० ग्रॅमची गोळी ८०० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटली तर ४ किलोग्रॅमच्या बंदुकीचा प्रतिक्षेप वेग २ मीटर प्रति सेकंद येतो. संवेग दोघांचा ८, पण गोळीची ऊर्जा ३२०० जूल आणि बंदुकीची फक्त ८. गोळी भेदून जाते आणि बंदूक खांद्याला नुसता धक्का देते, याचं एक मोठं कारण या आकड्यांत आहे. (प्रत्यक्षात नळीतून सुटणाऱ्या वायूंचाही संवेग असतो, त्यामुळे धक्का याहून काहीसा जास्त बसतो.)

अणुकेंद्रकही हाच हिशेब पाळतं. पोलोनियम-२१० मधून अल्फा कण बाहेर पडतो तेव्हा सुमारे ५.४१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरलं जाणारं ऊर्जेचं एकक) ऊर्जा मोकळी होते. त्यातली ५.३० अल्फा कण नेतो आणि मागे उरलेल्या शिशाच्या केंद्रकाला जेमतेम ०.१० मिळते. ५.४१ ला २०६ ÷ २१० ने गुणून पाहा.

५. एकाच नियमावर काम भागत नाही का?

एक अज्ञात असेल तर भागतं. एका तुकड्याचा वेग दिला आणि दुसऱ्याचा विचारला, तर संवेग पुरेसा आहे. दोन्ही वेग अज्ञात असतील तर संवेगाचं समीकरण फक्त त्यांचं गुणोत्तर सांगतं. वेग प्रत्यक्षात किती, हे ऊर्जा ठरवते. गतीचं खरं माप कोणतं, वस्तुमान × वेग की वस्तुमान × वेग², यावर देकार्तचे अनुयायी आणि लायब्निझ यांच्यात १६८६ पासून मोठा वाद पेटला होता. स्फोटाचं साधं गणितही दाखवून देतं की दोन्ही मापं लागतात आणि एकाचं काम दुसरं करू शकत नाही.

६. गुरुत्वाकर्षण तर बाहेरचं बल आहे. हवेत फुटणाऱ्या वस्तूचा संवेग अक्षय्य कसा धरायचा?

पूर्ण उड्डाणभर धरायचाच नाही. फक्त ‘स्फोटाच्या लगेच आधी’ आणि ‘स्फोटाच्या लगेच नंतर’ या दोन क्षणांमध्ये धरायचा. संवेग बदलायला बलाचा आवेग लागतो, म्हणजे बल × काळ. स्फोट सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपला तर तेवढ्यात गुरुत्वाकर्षणामुळे वेग बदलतो सेकंदाला साधारण १ सेंटीमीटरने. तुकडे सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सुटत असताना एवढा फरक सोडून देता येतो.

पण बाहेरचं प्रत्येक बल असं सोडून देता येत नाही. जमिनीची प्रतिक्रिया, ताणलेल्या दोरीतला ताण, रुळांचा आधार ही बलं मर्यादित नसतात. स्फोट जेवढा जोराचा, तेवढी तीही वाढतात. जमिनीवर ठेवलेला फटाका फुटला की कपचे वर आणि बाजूला उडतात, खाली कुणीच जात नाही. एकट्या फटाक्याचा उभ्या दिशेतला संवेग इथे अक्षय्य नाही, कारण त्या क्षणी जमिनीने जोरदार आवेग दिला. पृथ्वीला यंत्रणेत धरलं तर हिशेब पुन्हा जुळतो, फक्त पृथ्वीचा वेग मोजता येण्यासारखा नसतो.

आडव्या रुळांवरची तोफ हे याचं चांगलं उदाहरण. १००० किलोग्रॅमच्या तोफेतून १० किलोग्रॅमचा गोळा जमिनीच्या सापेक्ष २०० मीटर प्रति सेकंद वेगाने, ६० अंशाच्या कोनात सुटला. उभ्या दिशेत रूळ आधार देतात, तिथे संवेगाचं समीकरण लिहायचं नाही. आडव्या दिशेत लिहायचं: गोळ्याचा आडवा घटक १०० मीटर प्रति सेकंद, म्हणून तोफ १ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे सरकते. प्रश्नात २०० हा वेग ‘तोफेच्या सापेक्ष’ दिला असेल तर उत्तर ०.९९ येईल. सापेक्ष कशाच्या, हे वाचायचं राहून जातं आणि गुण तिथेच जातात.

७. वस्तू आधीच वेगात असेल तर? माझ्या गणितात एका तुकड्याची ऊर्जा स्फोटाच्या ऊर्जेपेक्षाही जास्त वाढली!

गणित बहुधा बरोबर आहे. हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे ऊर्जेबद्दलची समज खऱ्या अर्थाने तपासली जाते.

प्रश्न ४ मधलीच ६ किलोग्रॅमची वस्तू घेऊ, पण या वेळी ती २० मीटर प्रति सेकंद वेगाने पुढे जात आहे. तिच्याबरोबर त्याच वेगाने चालणाऱ्या निरीक्षकाला ती स्थिर दिसते, म्हणून त्याला तुकड्यांचे वेग ३० पुढे आणि १५ मागे असेच दिसतील. जमिनीवरून पाहताना दोन्हींत २० मिळवायचे: हलका तुकडा ५०, जड तुकडा २०−१५ = ५.

संवेग: आधी ६ × २० = १२०. नंतर २ × ५० + ४ × ५ = १२०. जुळला.

ऊर्जा: आधी १२०० जूल. नंतर हलक्याची २५०० आणि जडाची ५०, मिळून २५५०. फरक १३५० जूल, स्थिर असतानाच्या आकड्याइतकाच. स्फोटातून तुकड्यांना मिळालेली एकूण ऊर्जा कुठल्याही निरीक्षकाला सारखीच दिसते. ती फक्त तुकड्यांच्या परस्परसापेक्ष वेगावर अवलंबून असते. दोन तुकड्यांसाठी ती अशी: अर्धा × (वस्तुमानांचा गुणाकार ÷ वस्तुमानांची बेरीज) × सापेक्ष वेग². इथे ½ × (८ ÷ ६) × ४५² = १३५०.

आता एकेक तुकडा पाहा. फुटण्यापूर्वी हलक्या भागाची ऊर्जा ४०० जूल होती, ती २५०० झाली, म्हणजे २१०० ने वाढली. स्फोटातून मिळाले १३५०, मग वरचे ७५० कुठले? जड भागाची ऊर्जा ८०० वरून ५० वर आली, ते हे ७५०. मागे टाकलेल्या भागाची आधीची गतिज ऊर्जा पुढच्या भागाला मिळाली. रॉकेट आधीच जोरात जात असताना इंजिन पेटवलं तर तेवढ्याच इंधनातून यानाला जास्त गतिज ऊर्जा मिळते, त्यामागचं कारण हेच. हर्मान ओबर्थ यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

८. अशा गणितात वर्गसमीकरणाला दोन उत्तरं येतात. कोणतं घ्यायचं?

दोन्ही खरी असतात, ती दोन वेगळ्या प्रसंगांची असतात. वरच्या उदाहरणात हलका तुकडा पुढे असेल तर वेग ५० आणि ५. जड तुकडा पुढे असेल तर जडाचा २०+१५ = ३५ आणि हलक्याचा २०−३० = −१०, म्हणजे तो मागे फिरला. ताळा करून पाहा: संवेग १२०, ऊर्जा २५५०, दोन्हीकडे तेच. निवड करताना एकच कसोटी लावायची: पुढचा तुकडा मागच्यापेक्षा जलद हवा. मागचा तुकडा पुढच्याच्या आरपार जाऊ शकत नाही.

९. वेगात जाणारी वस्तू फुटली तर एखादा तुकडा मागे येणारच, बरोबर?

नाही. वस्तूबरोबर चालणाऱ्या निरीक्षकाला तुकडा कितीने मागे फेकलेला दिसतो आणि वस्तूचा मूळ वेग किती, यांची तुलना करा. प्रश्न ७ मधल्या जड तुकड्याला स्फोटातून १५ मिळतात आणि वस्तूचा वेग २० आहे. त्यामुळे तो कोणत्याही दिशेला फेकला गेला तरी पुढेच जाणार. मूळ दिशेपासून तो जास्तीत जास्त किती कोनात वळू शकतो तेही काढता येतं: त्या कोनाची साइन = १५ ÷ २० = ०.७५, म्हणजे सुमारे ४९ अंश. हलक्याला ३० मिळतात, ते २० पेक्षा जास्त आहेत, म्हणून त्याला कोणतीही दिशा मोकळी आहे.

१०. तीन तुकडे झाले तर कसं करायचं?

संवेगाचे घटक पाडून. १० किलोग्रॅमची स्थिर वस्तू फुटली. ३ किलोग्रॅमचा तुकडा पूर्वेला ५ मीटर प्रति सेकंद, २ किलोग्रॅमचा उत्तरेला १० मीटर प्रति सेकंद वेगाने गेला. उरलेला ५ किलोग्रॅमचा.

पूर्वेचा संवेग १५, उत्तरेचा २०. तिसऱ्याने दोन्ही खोडायचे, म्हणून त्याचा पश्चिमेला १५ आणि दक्षिणेला २०, एकत्रित २५. वेग ५ मीटर प्रति सेकंद, दिशा पश्चिमेकडून दक्षिणेला सुमारे ५३ अंश. ऊर्जा ३७.५ + १०० + ६२.५ = २०० जूल.

स्थिर वस्तूचे तीन तुकडे नेहमी एकाच प्रतलात उडतात, कारण तीन सदिशांची बेरीज शून्य म्हणजे बंद त्रिकोण. चार तुकड्यांना हे बंधन नाही.

११. तीन तुकड्यांची वस्तुमानं आणि एकूण ऊर्जा दिली आहे. तिघांचे वेग निघतील का?

नाही निघणार, आणि यात तुमची चूक नाही. तीन वेगांचे मिळून नऊ घटक अज्ञात असतात. संवेग तीन समीकरणं देतो, ऊर्जा एक. पाच अज्ञातं मोकळीच राहतात. दोन तुकड्यांत सहा अज्ञातं आणि चार समीकरणं. फक्त दिशा मोकळी राहते, वेग पक्के ठरतात.

या साध्या मोजणीने भौतिकशास्त्राला एक नवा कण दिला. बीटा क्षयात केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. फक्त दोनच तुकडे असते तर अल्फा कणासारखी (प्रश्न ४) इलेक्ट्रॉनचीही ऊर्जा ठरलेली असायला हवी होती. जेम्स चॅडविक यांनी १९१४ मध्ये दाखवलं की ती शून्याजवळपासून एका कमाल मर्यादेपर्यंत सलग पसरलेली असते. नील्स बोर तर बीटा क्षयात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सोडून द्यावा का, या विचारापर्यंत गेले होते. वोल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात वेगळी वाट सुचवली: न दिसणारा तिसरा तुकडा असला पाहिजे. हा न्यूट्रिनो. १९५६ मध्ये काउअन आणि राइनेस यांनी तो प्रत्यक्ष पकडल्याचं जाहीर केलं. दोन अक्षय्यतेच्या नियमांवर ठाम राहून कुणीतरी एखादा कण भाकीत करतो आणि २६ वर्षांनी तो सापडतो, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

१२. तोफगोळा सर्वांत उंच बिंदूवर फुटला. तुकडे कुठे पडतील?

या प्रकारात वस्तुमानकेंद्र, म्हणजे सगळ्या भागांच्या जागांची वस्तुमानानुसार काढलेली सरासरी जागा, फार उपयोगी पडतं. स्फोटाची बलं आतली असल्यामुळे वस्तुमानकेंद्राचा मार्ग बदलत नाही. काहीच न घडल्यासारखं ते मूळच्या परवलयावरून जात राहतं.

२० किलोग्रॅमचा गोळा ५०० मीटर उंचीवर, आडव्या १०० मीटर प्रति सेकंद वेगाने जात असताना फुटून दोन समान भाग झाले असं धरू. खाली यायला १० सेकंद. न फुटता तो सुटल्या जागेपासून २००० मीटरवर पडला असता. स्फोट १००० मीटरवर झाला.

एक भाग जागीच थबकला तर तो सरळ खाली, १००० मीटरवर पडेल. दुसऱ्याला २०० चा वेग मिळतो, तो ३००० वर पडेल. सरासरी २०००. स्फोटातून मिळालेली ऊर्जा १ लाख जूल.

एक भाग आल्या वाटेने तोफेकडे परतला तर त्याचा वेग −१००, म्हणून दुसऱ्याचा ३००. जागा ० आणि ४०००. सरासरी पुन्हा २०००. पण ऊर्जा या वेळी ४ लाख जूल लागली. तुकड्यांचा परस्परसापेक्ष वेग दुप्पट झाला, म्हणून ऊर्जा चौपट.

१३. पण माझ्या गणितात दोन जागांची सरासरी २००० येत नाही. नियम मोडला का?

नियम मोडला नाही, दोन तुकडे एकाच वेळी पडले नाहीत. वरच्याच गोळ्याचा एक भाग स्फोटाने ७५ मीटर प्रति सेकंदाने सरळ वर आणि दुसरा तेवढ्याच वेगाने सरळ खाली ढकलला गेला असं समजा. आडवा वेग दोघांचा १००. खालचा ५ सेकंदांत जमिनीवर येतो आणि १५०० मीटरवर पडतो. वरचा २० सेकंद घेतो आणि ३००० वर पडतो. सरासरी २२५०.

पहिला तुकडा जमिनीला टेकताच जमिनीने त्याला थांबवलं, म्हणजे यंत्रणेवर बाहेरचं नवं बल आलं. त्या क्षणापासून वस्तुमानकेंद्र मूळ परवलयावर राहत नाही. प्रश्न १२ मधली युक्ती तुकडे एकत्र पडतात तेव्हाच चालते, म्हणजे स्फोटाचा धक्का पूर्णपणे आडवा असतो तेव्हा. हवेचा रोध लक्षात घ्यायचा असेल तर तीही चालत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला हवा वेगवेगळं अडवते.

१४. स्फोटकाची सगळी ऊर्जा तुकड्यांना मिळते का?

खऱ्या स्फोटात कधीच नाही. काही भाग तापलेल्या वायूंच्या प्रसरणात आणि उष्णतेत, काही हवेतल्या आघात तरंगात, थोडा प्रकाशात, थोडा वस्तू फोडण्यात जातो. पाठ्यपुस्तकात ‘स्फोटाची ऊर्जा’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ‘तुकड्यांच्या गतिज ऊर्जेतली वाढ’ एवढाच अर्थ असतो. या पानावरही तोच धरला आहे.

संवेगाच्या बाबतीतही वायू विसरून चालत नाही. नुसते घन तुकडे गोळा करून त्यांच्या संवेगांची बेरीज केली आणि ती शून्य आली नाही, तर उरलेला संवेग वायूंनी आणि हवेने नेलेला असतो.

टीएनटीबद्दल हमखास विचारलं जातं. प्रमाण म्हणून १ ग्रॅम टीएनटीची ऊर्जा ४१८४ जूल धरतात. १ ग्रॅम पेट्रोल जळून याच्या जवळपास दहापट ऊर्जा देतं. फरक वेगाचा आहे: पेट्रोलला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि ते सावकाश जळतं, तर टीएनटीतून स्फोटाची लाट सेकंदाला ६ किलोमीटरहून जास्त वेगाने धावते.

१५. उत्तर बरोबर आहे का, हे झटकन कसं तपासायचं?

एकूण गतिज ऊर्जा कमी झालेली दिसली तर उत्तर चुकलं. ठरावीक संवेगासाठी एकूण गतिज ऊर्जा सगळ्यांत कमी तेव्हा असते, जेव्हा सगळे भाग एकाच वेगाने जातात, आणि फुटण्यापूर्वी नेमकं तेच असतं. त्यामुळे फुटल्यावर ती वाढायलाच हवी. एखाद्या तुकड्याची मात्र कमी होऊ शकते (प्रश्न ७). दुसरी तपासणी एककांची: ग्रॅम आणि किलोग्रॅम एकाच समीकरणात आले की उत्तर हजारपट चुकतं.

१६. जोरात फिरणारं चाक फुटलं. स्फोटक नव्हतं, तरी तुकडे एवढ्या वेगाने कसे गेले?

स्थिर आसावर फिरणाऱ्या समतोल चाकाचा एकूण संवेग शून्य असतो, पण प्रत्येक भागाला स्वतःचा वेग असतो. चाक तुटलं की भागांना वर्तुळात धरून ठेवणारं बल संपतं आणि प्रत्येक तुकडा त्या क्षणीच्या वेगाने स्पर्शिकेच्या दिशेने सरळ निघून जातो. नवी गतिज ऊर्जा तयार झालेली नाही, फिरण्याची होती तीच पुढे गेली. तुकड्यांच्या संवेगांची बेरीज शून्यच राहते आणि कोनीय संवेगही (एखाद्या बिंदूभोवतीच्या फिरण्याचं माप) टिकतो: काही तुकड्यांच्या सरळ जाण्यात, काही त्यांच्या स्वतःभोवती फिरण्यात. फिरती वस्तू स्फोटकाने फुटली तर मात्र संवेग, कोनीय संवेग आणि ऊर्जा, तिन्ही समीकरणं लिहावी लागतात.

१७. कक्षेत फिरणारा उपग्रह फुटला तर वस्तुमानकेंद्र त्याच कक्षेत राहतं का?

सुरुवातीला हो, नंतर नाही. प्रश्न १२ मध्ये गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं धरलं होतं. तुकडे शेकडो किलोमीटर पसरले की प्रत्येकावरचं गुरुत्वाकर्षण आकाराने आणि दिशेने वेगळं असतं, आणि वस्तुमानकेंद्राला साधा उपग्रह समजता येत नाही. पुढे ढकललेल्या तुकड्यांची ऊर्जा वाढते, कक्षा मोठी होते आणि फेरीला जास्त वेळ लागतो. मागे ढकललेल्यांचं उलट, म्हणून तेच पुढे निघून जातात. काही काळात तुकडे पूर्ण कक्षेभर पसरतात. प्रत्येक तुकड्याचा परिभ्रमण काळ आणि त्याच्या कक्षेची सर्वांत जास्त व सर्वांत कमी उंची यांचा आलेख काढला तर वर्तुळाकार कक्षेतल्या स्फोटासाठी फुलीसारखी आकृती मिळते. जॉन गॅबर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आलेखावरून स्फोट किती उंचीवर झाला ते वाचता येतं. काम संपलेल्या रॉकेटच्या टप्प्यांतलं उरलेलं इंधन सोडून देण्याची पद्धत असे स्फोट टाळण्यासाठीच आहे.

१८. अणुकेंद्रक फुटतं तेव्हा वस्तुमानच कमी होतं म्हणतात. मग संवेगाचं समीकरण चालतं का?

चालतं. युरेनियम-२३५ च्या विखंडनात सुमारे २०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट मोकळे होतात, म्हणजे साधारण एक हजारांश वस्तुमान. तुकड्यांचे वेग प्रकाशाच्या मानाने कमी असल्यामुळे नेहमीचं समीकरण पुरेसं आहे, आणि हलक्या तुकड्याला जास्त ऊर्जा हा प्रश्न ४ चा नियमही तिथे दिसतो.

प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की सूत्रं बदलतात, नियम बदलत नाहीत. प्रकाशालाही संवेग असतो. म्हणूनच स्थिर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा प्रतिकण) एकमेकांना नष्ट करतात तेव्हा एकच फोटॉन निघणं अशक्य: त्याचा संवेग खोडायला कुणीच उरणार नाही. बहुतेक वेळा दोन निघतात, विरुद्ध दिशांना, प्रत्येकी ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे. रुग्णालयातलं पेट स्कॅन या जोड्या पकडूनच शरीरातली जागा शोधतं.

१९. जोडताऱ्यातला एक तारा फुटला तर दुसऱ्याचं काय होतं?

किती वस्तुमान उडून गेलं त्यावर अवलंबून. वर्तुळाकार कक्षा आणि अचानक, सर्व दिशांना सारखा झालेला स्फोट धरू. स्फोटाच्या क्षणी दोघांतलं अंतर आणि सापेक्ष वेग तेच राहतात, पण बांधून ठेवणारं वस्तुमान घटतं. वर्तुळाकार कक्षेत सापेक्ष वेगाचा वर्ग एकूण वस्तुमानाच्या प्रमाणात असतो, आणि त्याच अंतरावरून सुटून जायला लागणाऱ्या वेगाचा वर्ग उरलेल्या वस्तुमानाच्या दुप्पटीच्या प्रमाणात. म्हणून मूळच्या एकूण वस्तुमानापैकी निम्म्याहून जास्त उडालं तर जोडी तुटते आणि दुसरा तारा जवळपास आपल्या कक्षीय वेगानेच दूर निघून जातो. आकाशगंगेत एकटेच वेगाने पळणारे तारे का दिसतात, याचं हे स्पष्टीकरण आड्रियान ब्लाऊ यांनी १९६१ मध्ये मांडलं.

स्फोट सर्व दिशांना सारखा नसेल तर उरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यालाही विरुद्ध दिशेने धक्का बसतो. अनेक पल्सार (नियमित स्पंद पाठवणारे, फिरते न्यूट्रॉन तारे) सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने जाताना आढळतात, ते याच प्रतिक्षेपामुळे असं मानलं जातं. गाभा कोसळून होणाऱ्या अशा स्फोटात ऊर्जेचा सुमारे ९९ टक्के वाटा न्यूट्रिनो नेतात, म्हणजे प्रश्न ११ मधलाच न दिसणारा तुकडा. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेतल्या अशा स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवरच्या उपकरणांनी नोंदवले. पकडलेले कण मोजके होते, तरी त्यांवरून काढलेली एकूण ऊर्जा तारा कोसळण्याच्या हिशेबाशी जुळली.